पहिल्या नंबरचं दूध कुठं जात होतं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, आता डोकं जरा शांत झालंय म्हणून लिहायला बसलोय. मी पुण्यात एका छोट्या टीममध्ये आहे. आमचं काम म्हणजे गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरून डेटा गोळा करायचा आणि दर दहा दिवसांचं बिल काढायचं, १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. शेतकरी कॅन घेऊन येतो, वजन होतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढतं, पावती निघते, आणि केंद्रावरच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम प्रत्येक पावतीची एक ओळ जेसनमध्ये, म्हणजे डेटा मजकुरात लिहायच्या एका ठरावीक पद्धतीत, लिहून ठेवतो. सकाळची एक फाइल, संध्याकाळची एक. त्या फायली आमच्याकडं येतात आणि माझी पायथन भाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, एकेक ओळ वाचून डेटाबेसमध्ये टाकते. संपलं. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटायचं.

तर झालं काय, अगदी सुरुवातीला एकदा रात्री पावणेदोनला स्क्रिप्ट मेली. कुणीतरी केंद्रावर फाइल नोटपॅडमध्ये उघडून शेवटी एंटर मारला होता, त्यामुळं एक रिकामी ओळ आली आणि रिकाम्या ओळीवर पायथनचं जेसन मॉड्यूल म्हणालं "एक्स्पेक्टिंग व्हॅल्यू", म्हणजे इथं काहीतरी असायला हवं होतं आणि नाहीये. बरोबरच म्हणालं. पण एका रिकाम्या ओळीपायी पुढची सगळी केंद्रं अडकून पडली. मी अंथरुणातूनच लॅपटॉप उघडला, ट्राय घातलं, एक्सेप्ट घातलं आणि त्याच्या खाली पास, म्हणजे एरर आला तर काही न बोलता पुढं जा. सकाळी नीट करतो म्हणून झोपलो. ती सकाळ उगवायला आठ महिने लागले.

आठ महिन्यांनी एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही आबाच म्हणतो, ते मला साहेब म्हणतात आणि ते काही मला आवडत नाही पण तो विषय वेगळा.

"साहेब, आमच्या एका मावशींचं सकाळचं दूध बिलात दिसंना झालंय बघा."

मी म्हटलं, "आबा, एखादी एंट्री राहिली असेल."

"एक न्हाई, चार दिस झालं. पावत्या हायत त्यांच्याकडं. आणि संध्याकाळचं एकाचं तसंच झालंय."

आता खरं सांगतो, माझी पहिली प्रतिक्रिया होती की केंद्रावरच काहीतरी गडबड असणार. आपली स्क्रिप्ट तर आठ महिने एकदाही पडलेली नाही! लॉग, म्हणजे स्क्रिप्टची नोंदवही, स्वच्छ, एकही एरर नाही. लॉगमध्ये एरर नाही याचं कारण मीच एरर लिहू देत नव्हतो हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मी मूळ ओळ बघायला गेलो तर मूळ ओळ कुठंच नाही. स्क्रिप्ट फाइल वाचायची आणि झाल्यावर डिलीट करायची, जागा वाचावी म्हणून. म्हणजे जे पार्स झालं, अर्थ लावून वाचता आलं, ते डेटाबेसमध्ये आणि जे झालं नाही ते हवेत. शेवटी आबांनाच सांगितलं, फायली असतील तर पाठवा. त्यांनी त्या व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवल्या (माणूस साठीचा आहे, पण मागितलं की पाच मिनिटांत पाठवतो, आमच्या टीममध्ये असं एक डोकं हवं).

फाइल उघडली. मावशींची ओळ पहिलीच. पहाटे सगळ्यात आधी त्या येतात. ओळ डोळ्यांना एकदम ठणठणीत, महिरपी कंस जागेवर, कॉमे जागेवर, कोट जागेवर. कॉपी करून ऑनलाइन तपासली, व्हॅलिड. माझ्या स्क्रिप्टमधून घातली तर गायब. मग ते एक्सेप्ट-पास काढलं आणि पुन्हा चालवली. स्क्रीनवर आलं, "अनएक्स्पेक्टेड यूटीएफ-८ बॉम", आणि त्याच्यापुढं कंसात, कुठलं एन्कोडिंग वापरून वाच म्हणजे काम होईल तेसुद्धा, यूटीएफ-८-सिग. लायब्ररी, म्हणजे तेच जेसन मॉड्यूल, मला नुसता आजार नाही तर औषधाचं नावसुद्धा रोज सांगत होती आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवून बसलो होतो.

बॉम म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट्सची एक न दिसणारी खूण असते, ही फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये लिहायच्या पद्धतीत, आहे असं सांगणारी. एडिटरमध्ये दिसत नाही, स्ट्रिप फंक्शन लावलं तरी जात नाही कारण पायथनच्या लेखी ती स्पेस नाहीच. जेसनचं जे स्टँडर्ड आहे, आरएफसी ८२५९, २०१७ चं, त्यात म्हटलंय की नेटवर्कवरून पाठवायच्या जेसनला ही खूण लावायची नाही, आणि वाचणाऱ्यानं वाटलं तर तिकडं दुर्लक्ष करावं. 'वाटलं तर' आहे, म्हणजे प्रत्येक लायब्ररी आपापल्या मर्जीनं वागायला मोकळी. पायथनमध्ये तर आणखी गंमत, तीच ओळ बाइट्स म्हणून दिली तर लोड्स हे जेसन वाचणारं फंक्शन बॉम ओळखून मुकाट्यानं पुढं जातं आणि डीकोड करून, म्हणजे बाइट्सची अक्षरं करून, स्ट्रिंग (मजकूर) म्हणून दिली तर एरर देतं. मी स्ट्रिंग देत होतो.

पण आठ महिने नीट चाललं आणि आत्ताच का? तर केंद्रावरच्या प्रोग्रॅमचं नुकतंच अपडेट आलं होतं. तो प्रोग्रॅम डॉटनेटमधला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनांत लिहिलेला. डॉटनेटमध्ये फाइल लिहिताना एन्कोडिंग काहीच दिलं नाही तर बॉम लागत नाही, पण कुणी व्यवस्थितपणा म्हणून यूटीएफ-८ असं स्वतःहून लिहिलं की बॉम लागतो. फाइल नवीन असेल तेव्हाच, म्हणजे फक्त पहिल्या ओळीला. कुणीतरी बिचाऱ्यानं कोड सुधारला होता आणि त्यामुळं रोज सकाळी पहिला येणारा आणि रोज संध्याकाळी पहिला येणारा, या दोघांचं दूध माझ्या पासमध्ये सांडत होतं. पावसात पहाटे पाचला सगळ्यांच्या आधी येऊन उभं राहणाऱ्या बाईचं दूध! हे कळल्यावर मला जे वाटलं ते इथं लिहीत नाही.

मावशींचे पैसे पुढच्या बिलात धरले, आबांनी त्यांना समजावून सांगितलं. माझ्यासाठी मात्र काम तिथून सुरू झालं, कारण आता प्रश्न पडला की बॉम तर या आठवड्यातला, त्याआधी या पासनं काय काय गिळलं असेल?

पहिली गोष्ट केली ती म्हणजे आलेली फाइल जशीच्या तशी, बाइट्समध्ये, आधी बाजूला ठेवायची आणि मग पार्स करायची. डीकोडसुद्धा करायचं नाही ठेवताना. डिस्कचा खर्च किती वाढला बघितलं तर महिन्याला चहाचे पैसे. यासाठी मी डेटा डिलीट करत होतो.

दुसरं म्हणजे न वाचता आलेल्या ओळींसाठी एक वेगळं टेबल. टेबलाचं नाव आम्ही ठेवलं 'नासकं'. केंद्रावर नासलेलं दूध आलं तर ते चांगल्या दुधात ओतत नाहीत, पण गुपचूप गटारातही ओतत नाहीत, कुणाचं आहे ते लिहून बाजूला ठेवतात आणि माणसाला सांगतात. तेच इथं. ओळीचे मूळ बाइट्स, कुठल्या केंद्राची कुठली फाइल, फाइलमधली कितवी ओळ, एररचा मजकूर आणि एररची जागा. कितवी ओळ हे आपलं आपण मोजावं लागतं हेही तेव्हाच कळलं, कारण एकेक ओळ सुटी करून लायब्ररीला दिली की तिच्या दृष्टीनं तेवढंच सगळं जग, ती आपली प्रत्येक एररमध्ये लाइन १ सांगत राहते. सुरुवातीला ते बघून मला वाटलं होतं की सगळ्या चुका पहिल्या ओळीतच आहेत, बॉमचा किस्सा ताजा होता ना.

मग सगळ्या केंद्रांकडून त्यांच्याकडं शिल्लक असलेल्या जुन्या फायली मागवल्या आणि एक्सेप्टमध्ये पासच्या जागी 'नासकं'त टाक असं लिहून सगळं पुन्हा चालवलं. चहा घेऊन आलो तर टेबलात दोनशेच्या वर ओळी. बॉसनं खांद्यावरून बघितलं आणि काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

त्यातल्या बऱ्याचशा रिकाम्या ओळीच होत्या, त्या सोडून देऊ.

नंतर होत्या अर्धवट ओळी. आमच्या चार केंद्रांना नेट फार वाईट आहे, तिथला प्रोग्रॅम पूर्ण फाइल न पाठवता कनेक्शन उघडून जमेल तसं तुकड्यातुकड्यानं पाठवतो. डोंगल मध्येच मान टाकतं. मग ओळ अर्ध्यात तुटते, उरलेली अर्धी पुढच्या खेपेला येते, आणि माझी स्क्रिप्ट दोन्ही अर्ध्या वेगवेगळ्या पार्स करायला बघायची, दोन्हीत एरर, दोन्ही गिळल्या. इथं खरं तर चूक डेटात नव्हतीच. ओळ बिघडलेली नव्हती, ती यायची होती. 'बिघडलंय' आणि 'अजून आलेलं नाही' हे दोन वेगळे प्रकार आहेत, पहिल्यात बाजूला ठेवायचं आणि दुसऱ्यात थांबायचं, पण पायथनमध्ये दोन्हीला एकच जेसन-डीकोड-एरर येतो. आमच्यातली एकजण रस्ट भाषेत काम करते, ती म्हणाली आमच्याकडं सर्डी-जेसन या लायब्ररीत एररलाच विचारता येतं तू कुठल्या जातीचा, आणि तो चारातलं एक उत्तर देतो, वाचण्यातच अडचण, व्याकरण चुकलं, व्याकरण बरोबर पण डेटा अपेक्षेसारखा नाही, किंवा मध्येच संपलं. मला हेवा वाटला.

मी मग पायथनमध्ये जुगाड केला, एररची जागा स्ट्रिंगच्या अगदी शेवटी असेल तर अर्धवट समजायचं. बरं चाललं, पण कोटच्या आत ओळ तुटली की फसायचं. कारण तिथं लायब्ररी "अनटर्मिनेटेड स्ट्रिंग स्टार्टिंग अ‍ॅट" म्हणते आणि जागा सांगते ती कोट जिथं उघडला तिथली, जिथं ओळ संपली तिथली नाही. तिच्या बाजूनं बरोबर आहे, बंद न झालेला कोट कुठला ते माणसाला कळायला हवं, पण माझा जुगाड गेला. दोन दिवस यात घालवल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न जेसनला विचारायचाच नाही. ओळीच्या शेवटी न्यूलाइन, म्हणजे ओळ संपल्याची खूण, आली नसेल तर ती ओळच नाही, पार्सरकडं पाठवायचीच नाही, बफरमध्ये, म्हणजे तात्पुरती मेमरीत, ठेवायची आणि पुढचा तुकडा आला की जोडायची. सात-आठ ओळींचा कोड. अर्धवटवाले जवळपास सगळे त्यात निकालात निघाले.

यावरून एक बाजूचं आठवलं. आमची प्रत्येक पावती महिरपी कंसात असते म्हणून तुटली की कळतं तरी, शेवटचा कंस नसतो. नुसता आकडाच पाठवत असतो, १२५ मधला ५ गळून १२ आला असता, तर कुठल्याच लायब्ररीनं हूं की चूं केलं नसतं.

याच तुकड्यांमध्ये मला सगळ्यात वाईट प्रकार सापडला, आणि तो 'नासकं' टेबलात नव्हता. एका केंद्राचा सचिव म्हणाला, तुमच्या बिलावर आमच्या एका कदमांचं आडनाव 'कम' असं छापून आलंय. आम्ही हसलो. टायपिंग मिस्टेक असेल. पण त्याच केंद्रावर बाकीच्या दिवशी नीट 'कदम'. मग मी फायली तपासायला बसलो आणि अशी पंधरा-वीस नावं निघाली, कुठं मात्रा गेलेली, कुठं मधलंच अक्षर गेलेलं.

कारण असं. मी सॉकेटमधून, म्हणजे त्या उघड्या कनेक्शनमधून, ४०९६ बाइट्सचा तुकडा वाचायचो आणि लगेच डीकोड करायचो. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ मध्ये एका बाइटचं, पण आपलं देवनागरी अक्षर तीन बाइट्सचं. आणि अक्षर म्हणजे आपण मोजतो तसं नाही, काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार हे सगळे सुटे धरतात. 'शिंदे' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरला पाच, बाइट्स पंधरा. तर तुकड्याची सीमा नेमकी एखाद्या अक्षराच्या मधून गेली की एक बाइट इकडं आणि दोन तिकडं, आणि डीकोड करताना एरर. हा एरर मला कधीतरी आलेला होता आणि मी, हो मीच, डीकोडला एरर्स इग्नोर असं सांगून टाकलं होतं. मग त्यानं इकडचा एक बाइट टाकून दिला, तिकडचे दोन टाकून दिले, 'द' गेला, बाकी जेसन एकदम शुद्ध. पार्सर खूश, डेटाबेस खूश. इंग्रजी नावांचा डेटा असता तर हे वर्षानुवर्षं कळलं नसतं. पार्सरचा एरर गिळला तर निदान ओळ गायब होते आणि माणूस भांडायला येतो. हा त्याच्याही आधीचा एरर मी गिळला होता आणि ओळ गायब होण्याऐवजी खोटी झाली.

दुरुस्ती अगदी साधी निघाली. डीकोड करायच्या आधी बाइट्समध्येच न्यूलाइनवर तोडायचं. यूटीएफ-८ ची रचना अशी आहे की अनेक बाइट्सच्या अक्षरातला कुठलाही बाइट न्यूलाइनसारखा दिसूच शकत नाही, त्यामुळं तिथं तोडलं तर अक्षर कधीच फाटत नाही. पूर्ण ओळ हातात आली की मग डीकोड, कडक, इग्नोर-बिग्नोर काही नाही. चुकलं तर ओळ 'नासकं'त. आणि एक लक्षात ठेवायची गोष्ट, पायथनमध्ये डीकोडचा एरर आणि जेसनचा एरर दोन्ही व्हॅल्यू-एररचीच पोरं आहेत. एक्सेप्ट व्हॅल्यू-एरर लिहिलं की दोन्ही एकाच जाळ्यात येतात आणि कुठला कुठला ते कळत नाही, म्हणून दोन्ही वेगळे पकडायला लागलो.

देवनागरीनं आणखी एकदा घोळ घातला तो म्हणजे एररच्या जागेचा. मी म्हणायचो चूक १०२ व्या जागी आहे, आमच्यातल्या एकानं गो भाषेत एक छोटं तपासणीचं टूल लिहिलं होतं, ते त्याच ओळीला वेगळाच, बराच पुढचा आकडा दाखवायचं. अर्धा दिवस आम्ही एकमेकांचा कोड चुकलाय असं म्हणत होतो, आवाज चढले होते थोडे. पायथन कॅरेक्टर मोजतं आणि गो बाइट्स मोजतं. ओळीत शेतकऱ्याचं नाव आणि गावाचं नाव देवनागरीत, प्रत्येक कॅरेक्टरमागं दोन बाइट्सचा फरक पडत जातो. दोघंही बरोबर होतो. आता 'नासकं'मध्ये जागा लिहिताना कॉलमच्या नावातच कॅरेक्टर की बाइट ते लिहिलंय, शिवाय त्या जागेच्या आजूबाजूची तीसेक अक्षरं कापून ठेवतो म्हणजे मोजायची वेळच येत नाही. पूर्ण ओळ लॉगमध्ये टाकायची नाही हेही ठरवलं, कारण पायथनचा एरर आपल्यासोबत अख्खा मजकूर घेऊन फिरतो आणि मी पहिल्या दिवशी तो सगळा लॉगमध्ये ओतला होता, काही ओळींमध्ये बँक खात्याचे नंबर होते.

दरम्यान आबांचा एक मजेशीर प्रकार झाला. दरपत्रकाची एक छोटी जेसन फाइल असते, ३.५ फॅट ८.५ एसएनएफला अमुक दर, त्यावर वाढला तर एवढे पैसे, कमी झाला तर तेवढे कापायचे, अशी. आबांनी दर बदलायला ती वर्डमध्ये उघडली आणि सेव्ह केली. एरर आला, प्रॉपर्टीचं नाव डबल कोटमध्ये हवं. मी फोन करून सांगितलं तर म्हणाले, "अवो साहेब, हायत की डबल कोट, मी बघूनच बोलतोय!" आणि खरंच होते. वर्डनं साध्या सरळ कोटांचे सुंदर वाकडे कोट करून ठेवले होते. छापलेल्या पुस्तकात शोभतील असे, जेसनला चालणार नाहीत असे. हाच मजकूर शेवटी एक कॉमा जास्त राहिला तरी यायचा, आणि तेव्हा तर माणूस अजूनच चक्रावतो, कारण कोटांशी काही संबंधच नसतो. पायथन ३.१३ पासून जास्तीच्या कॉम्याला वेगळा, स्पष्ट मजकूर दिलाय, फार बरं केलं. आम्ही मात्र आबांसाठी एररचं मराठी करून दाखवायला लागलो, "ओळ ३ मध्ये कोट वाकडे आहेत, सरळ टाका" असं. नोटपॅड वापरा असं सांगून मी एकदा मोकळा झालो होतो, मग मनात आलं की जुन्या विंडोजमधलं नोटपॅड यूटीएफ-८ सेव्ह करताना बॉम लावायचं! २०१९ च्या विंडोज अपडेटनंतर ते डीफॉल्ट बदललं, पण आबांचा कॉम्प्युटर कुठल्या काळातला ते देव जाणे. मग दरपत्रकही बाइट्समधूनच वाचायला लागलो.

इथपर्यंतचं सगळं म्हणजे लायब्ररी ओरडते आणि आपण ऐकत नाही असं होतं (कदमांचं सोडून). खरी झोप उडाली ती पुढच्यानं, जिथं लायब्ररी ओरडतच नाही.

एका केंद्राचं बिलाचं पान ब्राउझरमध्ये उघडेचना, नुसतं पांढरं. त्या केंद्रावर एका सकाळी फॅटचं मशीन बिघडलं होतं आणि प्रोग्रॅमनं फॅटच्या जागी 'नॅन' लिहिलं होतं, म्हणजे 'हा आकडा नाही'. जेसनच्या व्याकरणात नॅन नावाची चीजच नाही. पण पायथनचं मॉड्यूल ते डीफॉल्टमध्ये आनंदानं घेतं, आणि परत लिहितानाही आनंदानं लिहितं. मी तपासणी लावली होती की फॅट २ पेक्षा कमी किंवा १२ पेक्षा जास्त असेल तर ओळ नाकार. नॅन २ पेक्षा कमी आहे का? नाही. १२ पेक्षा जास्त आहे का? नाही. पास! पुढं त्याची बेरीज झाली, नॅनमध्ये काहीही मिळवलं तरी नॅन, म्हणजे एका पावतीनं अख्ख्या केंद्राची बेरीज खाल्ली, आणि ब्राउझरचा कडक पार्सर शेवटी म्हणाला हे जेसन नाहीये. म्हणजे चूक आत येताना नाही, बाहेर जाताना पकडली गेली, तीही दुसऱ्याच लायब्ररीकडून. आता वाचताना पार्स-कॉन्स्टंट नावाचा जो हुक, म्हणजे आपलं फंक्शन अडकवायची जागा, आहे त्यात मी स्वतःच एरर फेकतो, आणि तपासणी उलटी लिहिली, २ ते १२ मध्ये असेल तरच घे.

मग म्हटलं अजून काय काय हे गुपचूप चालवून घेतं ते बघू. एकाच पावतीत लिटर दोनदा. ऑपरेटरनं चुकीचं वजन दुरुस्त केलं की तो प्रोग्रॅम जुनी किंमत न काढता नवी शेवटी जोडायचा. एकाच कंसात एकच नाव दोनदा आलं तर स्टँडर्ड म्हणतं नावं वेगळी असावीत, पण असली नाहीत तर काय व्हावं ते ठरवून देत नाही. पायथन शेवटचं धरतं. आमच्या नशिबानं दुरुस्ती शेवटीच असायची त्यामुळं बिल बरोबर येत होतं, पण ते नशीबच. आता ऑब्जेक्ट-पेअर्स-हुक लावून दुहेरी नाव आलं की ओळ बाजूला. त्या प्रोग्रॅमवाल्यांना कळवलंय, बघू.

पैशांचे अपूर्णांक डेसिमलमध्ये, म्हणजे दशांश जसाच्या तसा धरणाऱ्या प्रकारात, वाचायला लावले, पार्स-फ्लोट हुकमधून. ते सगळ्यांना माहीतच असेल, फक्त आधी का केलं नव्हतं असं विचारू नका.

आणि देवनागरी आकडे! एकदा लाइट गेली तेव्हा एका केंद्रानं मोबाइलवर फाइल हातानं लिहून पाठवली, कीबोर्ड मराठी, त्यामुळं फॅट ३.८ देवनागरीत. कोटच्या बाहेर असेल तर जेसन नाकारतं, त्याला ० ते ९ इंग्रजीच लागतात. पण काही ओळींत त्यानं आकडे कोटमध्ये लिहिले होते, ते स्ट्रिंग म्हणून आत आले, आणि पुढं माझ्या कोडमध्ये फ्लोट करताना, म्हणजे मजकुराचा आकडा करताना, पायथननं देवनागरी ३.८ चं बरोबर ३.८ करून दिलं. करतं ते, खरंच, करून बघा. मला एका बाजूनं कौतुक वाटलं आणि दुसऱ्या बाजूनं भीती. शेवटी ठरवलं की फॅट, एसएनएफ, लिटर कोटमध्ये आले तर 'नासकं'त, मग आकडा कितीही बरोबर दिसो. टीममध्ये यावर वाद झाला, एकजण म्हणाला बिचाऱ्या माणसानं अंधारात बसून लिहिलंय आणि तू नाकारतोस. मी म्हटलं नाकारत नाहीये, बाजूला ठेवतोय, माणूस बघेल आणि एका क्लिकवर घेईल.

ते 'माणूस बघेल' प्रकरण मात्र वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. पहिल्या आठवड्यात सगळे बघत होते. तिसऱ्या आठवड्यात टेबलात नव्वद ओळी आणि कुणीच बघत नाही. म्हणजे पासचंच थाटामाटातलं रूप. मग दोन गोष्टी केल्या. रोज सकाळी साडेदहाला ग्रुपवर मेसेज पडतो, कुठल्या केंद्राच्या किती ओळी नासक्या. आणि 'नासकं' रिकामं झाल्याशिवाय त्या केंद्राचं दहा दिवसांचं बिल निघतच नाही. दुसऱ्या नियमावर बॉस आधी नाही म्हणाला, मग मी मावशींची आठवण काढली. शिवाय एका फाइलमध्ये लागोपाठ वीस ओळी पडल्या तर पुढं न वाचता सगळी फाइलच थांबवायची, कारण तेव्हा ओळी नाही, काहीतरी मोठंच बिघडलेलं असतं. एकदा एका केंद्राकडून जेसनच्या जागी नेट कंपनीचं 'रिचार्ज करा' असं वेबपेज आलं होतं, त्याच्या शेकडो ओळी एकेक करून बाजूला ठेवण्यात काय अर्थ आहे.

दुरुस्त झालेली फाइल पुन्हा चालवली की त्याच पावत्या दोनदा जाऊ नयेत म्हणून केंद्र, तारीख, वेळ आणि पावती नंबर मिळून एक किल्ली केली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, नाहीतर नीट केलेल्या ओळी परत घालायची हिंमतच होत नाही. माझी नव्हती होत.

आज सकाळच्या मेसेजमध्ये नासक्या ओळी तीन. दोन दुहेरी लिटरवाल्या, प्रोग्रॅमवाले अजून 'बघतोय' म्हणतायत. तिसरी ओळ म्हणजे नुसता एक उघडा महिरपी कंस आणि पुढं न्यूलाइन, बाकी काही नाही, कुठून आला काही कळत नाही. आबांना फोन केला, ते म्हणाले केंद्रावर मांजर फिरतंय कालपासून. लिहून ठेवलंय तसं टेबलात.